हजेरीपुस्तकात नसलेली नऊ माणसं

पत्राचा सारांश: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकांचं हे पत्र आहे. वय ३८, धंदा वडिलांनी उभा केलेला. एकाच शेडमध्ये चार लेथ, एक रेडियल ड्रिल, दोन पॉवर प्रेस आणि मागच्या बाजूला शिरोलीच्या फाउंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) फेटलिंग, म्हणजे घासून साफ करणं. कामाला १८ माणसं, पण हजेरीपुस्तकात नावं ९ जणांची. ५ जण ठेकेदाराचे, बिहारकडचे. ४ बायका तपासणी आणि पॅकिंगला रोजंदारीवर. नव्या कामगार कायद्यांबद्दल ऐकून त्यांची झोप उडाली आहे. सल्लागार म्हणतो, पत्नीच्या नावावर दुसरी फर्म काढा, ९ माणसं इथं दाखवा आणि ९ तिथं. दहाच्या आत राहिलात की कुणी विचारत नाही. वडील, म्हणजे आबा, म्हणतात की ४० वर्षं कागदाशिवाय चालवलं, ही घरचीच माणसं आहेत. २६ वर्षं काम करणाऱ्या मेस्त्रींपाशी नेमणूकपत्राचा विषय काढला, तर ते दुखावले: "कागद कशाला पायजे मालक? भरवसा न्हाई व्हय आता?" पत्र लिहिणाऱ्यांचा प्रश्न असा: माणसं कमी करू, फर्म दोन करू, की सगळं विकून शेड भाड्यानं देऊ? मला कुणाचं वाईट करायचं नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते कंसात, जाता जाता लिहिलंय: एका प्रेसचं एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलंय, प्रॉडक्शन निघावं म्हणून. बाकीचं पत्र तीन पानांचं आहे, कायदे, दंड, सल्लागाराची फी, आबांचा स्वभाव. पण माझं उत्तर त्या कंसापासूनच सुरू होतं. ती पाचर आज काढा. हे उत्तर पुढं वाचण्याआधी काढलीत तरी चालेल.

प्रेसला दोन बटणं कशासाठी असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. रॅम, म्हणजे प्रेसचा दाब देणारा भाग, खाली येताना ऑपरेटरचे दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर, बटणांवर असावेत म्हणून. एका बटणाला पाचर मारली की एक हात मोकळा होतो, आणि मोकळा हात पीस काढायला डायमध्येच जातो. दिवसात हजार वेळा तो वेळेत बाहेर येतो. माझे वडील उद्यमनगरातच प्रेसवर होते. त्यांचा हात एकदा आला नाही. त्यानंतर आयुष्यभर ते चहाची बशी तीन बोटांवर तोलून धरायचे. लहानपणी मला वाटायचं, बशी धरायची पद्धतच तशी असते.

पाचर काढल्यावर प्रॉडक्शन किती कमी होतं ते एक आठवडा वहीत लिहून मोजा. मग डायला सगळ्या बाजूंनी बंद होणारं पक्कं गार्ड बसवून घ्या. पट्टी आत सरकेल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवायची. पीस आपोआप खाली घसरेल अशी पन्हळ करता येते, नाहीतर उचलायला चुंबकाचा दांडा किंवा लांब चिमटा द्या. हात आत जाऊच शकत नसेल तर वेगाला बटणांची अडचण राहत नाही, त्यामुळे गेलेलं प्रॉडक्शन बरंचसं परत मिळतं. हे काम करणारा फिटर तुमच्या गल्लीतच सापडेल.

आता कायद्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, "नवे कायदे येणार आहेत." दादा, ते आलेले आहेत. वेतन संहिता २०१९ची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन संहिता २०२०च्या. २९ केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. नमुने, मुदती, कुठला अर्ज कुठं भरायचा हे तपशील केंद्राच्या आणि राज्याच्या नियमांमधून ठरतात. नवे नियम येईपर्यंत जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालू राहतात. म्हणजे मधल्या काळात कायदाच नाही, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

तुमच्या धास्तीच्या मुळाशी जे गृहीत धरलंय ते मला तपासून बघावंसं वाटतं. तुम्हाला वाटतंय, एक नवं ओझं अंगावर पडतंय. तुमच्या पत्रातल्या भीतीच्या गोष्टी मी एकेक जुन्या कायद्यांशी लावून बघितल्या. जादा कामाला दुप्पट दर कारखान्यांना १९४८ पासून आहे. किमान वेतन १९४८चं. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, कायदाही १९४८चाच. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी १९७२ पासून. यंत्राच्या फिरत्या भागांना गार्ड हवं हेसुद्धा १९४८च्या कारखाने अधिनियमात लिहिलेलं आहे. खरोखर नवीन असं थोडंच आहे: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, ४० वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, माणूस काम सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करणं, ठराविक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी. तुमच्या डोक्यावर बसलेली रक्कम बहुतेक जुन्या थकबाकीची आहे. तिचा दोष एकट्या तुमच्यावर टाकणार नाही. धंदा हातात आला तेव्हा ती त्याच्यासोबत आली.

आकड्यांचा गोंधळ उद्यमनगरात सगळीकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "वीसच्या आत असलं की काही नाही" हे तुम्ही ऐकलंय ते अर्धवट आहे. नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला २० कामगार लागतात, विजेशिवाय असेल तर ४०. पीएफलाही २०चा आकडा आहे, खालच्यांना स्वेच्छेनं जाता येतं. पण सुरक्षा संहितेतली नोंदणी आणि मालकाची कर्तव्यं १० कामगारांच्या आस्थापनेपासून सुरू होतात. ईएसआय १० पासून. ग्रॅच्युइटी १० पासून. बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही १० पासूनच, ती २०१३च्या कायद्यानं. धोकादायक कामाच्या जागी तर एक कामगार असला तरी सरकार अधिसूचना काढून संहिता लागू करू शकतं. आणि फाउंड्रीतलं कास्टिंगचं काम, साफसफाई धरून, धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे. ९ आणि ९ करून तुम्ही ज्या रेषेच्या आत लपू बघताय, ती रेषा तुमच्या फेटलिंगच्या कोपऱ्यासाठी सरकारला केव्हाही खाली आणता येते.

सल्लागाराच्या कल्पनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. एक शेड, एक मीटर, एकच मेस्त्री दोन्हीकडची माणसं कामाला लावणार, एकाच्या लेथवरचा पीस दुसऱ्याच्या ड्रिलवर जाणार. याला कागदावर दोन फर्म म्हटलं तरी तपासणारा एकच आस्थापना धरू शकतो. ठेकेदाराची माणसंसुद्धा ईएसआयच्या मोजणीत येतात. शिवाय ग्रॅच्युइटी आणि ईएसआय एकदा लागू झाले की पुढं माणसं दहाच्या खाली गेली तरी सुटत नाहीत. तुमच्याकडे १८ माणसं काल-परवा झालेली नाहीत.

आणि वहिनींचा विचार केलात का? दुसऱ्या फर्मची मालक त्या होणार. उद्या त्या ९ जणांपैकी कुणाला काही झालं, तर कायद्याच्या दृष्टीनं नियोक्ता त्या. मालकानं कर्तव्यात कसूर केल्यामुळे कामगाराचा जीव गेला, तर सुरक्षा संहितेत २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे. गंभीर दुखापतीला १ वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड किंवा दोन्ही. दंडातला निदान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. ज्या बाईनं त्या प्रेसला कधी हात लावलेला नाही, पाचर कुणी मारली हे जिला माहीतही नाही, तिला तुम्ही या वाक्यांसमोर उभं करताय. सल्लागारानं हे त्यांना समोर बसवून सांगितलंय का, हे एकदा विचारा.

पैशांचा हिशेब तुम्ही पत्रात मांडलाच नाही, नुसतं "परवडणार नाही" म्हणालात. मी मांडते. ईएसआयला मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के, महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी. तुमच्या १८ जणांचा पगार सरासरी १५ हजार धरला, तर तुमचा वाटा माणशी ४८७ रुपये ५० पैसे, सगळ्यांचा मिळून महिन्याला ८,७७५ रुपये. एका कामगाराच्या पगारातून ११२ रुपये ५० पैसे जातील. ही रक्कम लहान आहे असं मी म्हणणार नाही, जॉबवर्कच्या दरात एकेक पैसा कसा मोजावा लागतो ते मी घरात बघितलंय. पण दुसऱ्या बाजूचा आकडाही बघा. विमा नसलेल्या ३० वर्षांच्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला, तर नुकसानभरपाई तुम्हाला खिशातून द्यावी लागते. पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा ठरलेला गुणक, असा तिचा हिशेब असतो. ३०व्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. १५ हजार पगाराला हे होतात १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. ईएसआयमध्ये नाव असेल तर हा भार ईएसआय महामंडळावर जातो, दुखापतीच्या काळात कामगाराला पगाराच्या ९० टक्के मिळत राहतात, आणि त्याच्या बायकापोरांच्या दवाखान्याचाही प्रश्न सुटतो. ईएसआयचं रुग्णालय कोल्हापुरातच आहे.

आता आबांचं वाक्य घेते: ही घरचीच माणसं आहेत. यावर टीका करायची माझी हिंमत नाही, कारण हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं ते खोटं बोलत नव्हते. वडिलांचा हात गेला तेव्हा त्यांच्या मालकांनी स्वतःच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. सगळं बिल भरलं. महिनाभर आमच्या घरी चहापूड, साखर, ज्वारी येत राहिली. बरं वाटल्यावर वडिलांना हलक्या कामावर घेतलं आणि पगार तोच ठेवला. आई त्यांना देवमाणूस म्हणायची, मीही म्हणते. पुढं ते मालक वारले. मुलांना धंद्यात रस नव्हता, त्यांनी मशिनं विकली. वडील १९ वर्षं तिथं कामाला होते, आणि ते दाखवायला घरात एक चिटोरं नव्हतं. मुलं वाईट नव्हती. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं की माझे वडील कधीपासून कामाला आहेत, काय ठरलं होतं, काय देणं लागतं. ज्यांना माहीत होतं ते गेले होते.

म्हणून आबांना कायदा सांगू नका. त्यांना एवढंच विचारा, की तुमच्यानंतर आणि माझ्यानंतर या माणसांचं तुमच्याशी काय नातं होतं हे कशावरून कळणार? घरच्या माणसाचं नाव रेशनकार्डावर असतं, सातबाऱ्यावर असतं. या ९ जणांचं नाव तुमच्या हजेरीपुस्तकातसुद्धा नाही. ती ४ बायका आणि ५ बिहारी मुलं घरची आहेत की नाहीत, हे आबांनीच सांगावं.

मेस्त्रींचं दुखणं वेगळं आहे आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. २६ वर्षांनी मालक कागद पुढं करतो, तेव्हा जुन्या माणसाला पहिली शंका हीच येते की आता आपल्याला बाहेरचा समजायला लागले, नाहीतर काढायची तयारी चाललीय. त्यांच्यासमोर कागद ठेवण्याआधी हिशेब ठेवा. त्यांचा पगार २० हजार असल्याचं तुम्ही लिहिलंय. ग्रॅच्युइटी म्हणजे दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. २० हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २६ वर्षं. बरोबर ३ लाख रुपये. ते निवृत्त होतील तेव्हा हे त्यांचे हक्काचे आहेत आणि नेमणूकपत्र म्हणजे त्या पैशांचा पुरावा आहे, असं त्यांना बसवून, चहा घेत सांगा. त्यांच्या घरच्यांनाही बोलवा. ही रक्कम एकदम काढायला जड जाईल, म्हणून विमा कंपन्यांच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत दरवर्षी थोडी भरत जाता येते, किंवा वेगळं खातं उघडून साठवता येते. मेस्त्रींनी पत्र घेतलं की बाकीचे आपोआप घेतील. उद्यमनगरात मेस्त्रीचा शब्द मालकाच्या शब्दापेक्षा लवकर पोचतो.

बायकांबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे: "त्या दोन-तीन महिन्यांनी येतात-जातात." चौघी किती वर्षं येतात-जातात हे तुम्ही लिहिलेलं नाही. रोजंदारी असली तरी त्या कामगारच आहेत. किमान वेतन त्यांना लागू आहे आणि राज्यात त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तो बघून रोज द्या. नेमणूकपत्र त्यांनाही. त्यांच्यासाठी आतून कडी लागणारं वेगळं स्वच्छतागृह शेडमध्ये आहे का? अजून नसेल तर अंतर्गत समितीच्या आधी ते बांधा. संध्याकाळी ७ नंतर थांबवायचं असेल तर त्यांची संमती हवी आणि सुरक्षेची जबाबदारी तुमची.

ठेकेदाराला दर महिन्याला पैसे देताना त्या पाच मुलांना किती मिळाले हे तुम्ही बघता का? त्यानं पगार बुडवला तर द्यावा तुम्हालाच लागतो, म्हणून पगार मुलांच्या बँक खात्यातच जाऊ दे आणि त्याची नोंद तुमच्याकडे राहू दे. तुमचं मुख्य कामच ती मुलं करत असतील, तर त्यांना सरळ आपल्याकडे घेणं बरं. मला वाटतं तुम्हाला ते स्वस्तही पडेल, ठेकेदाराचं कमिशन वाचेल.

आणि मागचा फेटलिंगचा कोपरा. तिथं तोंडाला टॉवेल गुंडाळून ग्राइंडर चालवतात आणि सुट्टी झाली की एकमेकांच्या अंगावर कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकतात. हे तुमच्या पत्रात नाही, पण बहुतेक ठिकाणी मी हेच बघितलंय. मोल्डिंगच्या वाळूतली सिलिका कास्टिंगला चिकटून येते. घासताना तिची जी पूड उडते, त्यातला सगळ्यात घातक भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो टॉवेलमधून आरपार जातो, फुप्फुसात बसतो आणि तिथं व्रण करत राहतो. सिलिकोसिसवर औषध नाही. क्षयरोग समजून वर्षानुवर्षं चुकीचे उपचार घेणारी माणसं असतात. हवा मारणं आजपासून बंद करा. कोरडा झाडू बंद, जमीन ओली करून झाडा. ग्राइंडरजवळ धूळ ओढणारा हूड बसवा, बारीक धुळीसाठीचे खरे मास्क द्या, आणि वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करतात ती श्वासाची चाचणी करून घ्या. ग्राइंडरचं व्हील आणि पीस टेकवायचा रेस्ट यांच्यातलं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा वाढू देऊ नका. चष्मे, मास्क, हातमोजे यांचे पैसे पगारातून कापता येत नाहीत, तेही लक्षात ठेवा. अपघात झालाच आणि माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कळवणं बंधनकारक आहे. "किरकोळ आहे" म्हणून झाकू नका.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाई, पैसा आणायचा कुठून. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या कामगारांकडे नाही, गिऱ्हाईकांकडे आहे. तुमचं ४ महिन्यांचं बिल एका मोठ्या गिऱ्हाईकाकडे अडकलंय असं तुम्ही लिहिलंय. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून वेळेत न दिलेली अशी रक्कम गिऱ्हाईकाला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. भांडायला जाऊ नका, आधी बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि पुढचा दर ठरवताना ईएसआय, जादा कामाचा दुप्पट दर, धुळीचा हूड हे खर्च ओळ-ओळ मांडून दाखवा. मोठ्या कंपन्या त्यांच्या पुरवठादारांकडून ईएसआयची चलनं मागतात. ती चलनं तुमच्याकडे असतील तर दर मागताना तुमची बाजू हलकी राहत नाही.

नोंदणी, पत्राचा नमुना, रजिस्टरं यासाठी एकट्यानं सल्लागार धरू नका. तुमच्यासारखे दहा-बारा जण तुमच्याच ओळीत असतील. उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोलीला स्मॅक, गोकुळ शिरगावला गोशिमा. संघटनेमार्फत एकत्र सल्ला घेतला तर फी वाटली जाईल आणि चुकीचा सल्ला देणाऱ्याला दहा जणांना तोंड द्यावं लागेल. वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांमध्ये पहिल्या चुकीला खटल्याआधी लेखी सूचना देऊन सुधारायची संधी आहे. तीच चूक काही वर्षांत पुन्हा केली तर ती संधी मिळत नाही. म्हणजे स्वतःहून पुढं यायला ही वेळ चांगली आहे.

शेड भाड्यानं द्यायचं आत्ताच ठरवू नका. सहा महिने हे करून बघा, महिन्याच्या महिन्याला आकडे लिहा. तरीही जमलं नाही तर तेव्हा बंद करा, पण सगळ्यांचा हिशेब चुकता करून. तसं बंद करण्यात काही कमीपणा नाही.

नेमणूकपत्रांचं काम मात्र लगेच करा. आधीपासून कामावर असलेल्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे २१ फेब्रुवारी २०२६ पर्यंत पत्र द्यावं असं संहितेत आहे. उशीर झाला असला तरी द्या. पत्रात नाव, काम, पगार, सुट्टीचा वार आणि रुजू झाल्याची तारीख हवी. तारखेच्या जागी आजची तारीख घालायला तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल, जुनी वर्षं पुसली जातात म्हणून. तसं करू नका. येत्या सोमवारी शेड बंद असेल. आबांना तिथं खुर्ची टाकून बसवा, समोर अठरा कोरी पत्रं ठेवा. कोण कुठल्या साली आलं, जोतिबाच्या यात्रेच्या आधी की नंतर, कुणाला कुणी आणून सोडलं, हे त्यांना तोंडपाठ असेल. त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं. सुरुवात मेस्त्रींपासून करा.